होडी तिथे नव्हतीच

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची. ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी जलरंगाच्या क्लासला जायला लागले. दर रविवारी सकाळी, आम्ही चौदाजण. सुरुवातीला फार मजेत गेलं. गोदाघाट, सुंदरनारायणाचं देऊळ, जुन्या नाशकातले वाडे, पांडवलेण्याचा डोंगर, सगळं काढलं. दृश्य मला बऱ्यापैकी जमतं, असं सरही म्हणायचे.

यंदा जूनमध्ये सरांनी जाहीर केलं, आता फक्त अमूर्त निसर्गचित्रं. दिवाळीच्या आधी प्रदर्शन. तेव्हापासून माझे रविवार वाईट जातायत. मी काहीही काढलं की एक तर त्याचा सरळ डोंगर होतो, नाहीतर चिखल. शेजारी पंचविशीतली एक मुलगी बसते. ती कागद नळाखाली धरते, दोन रंग ओतते, बोर्ड तिरका करते, आणि सगळे "वा!" म्हणतात. मागच्या महिन्यात मला राहवलं नाही, कोपऱ्यात पारावरचा पिंपळ काढला. सर आले, काही न बोलता ओला स्पंज घेतला आणि पिंपळ पुसून टाकला. म्हणाले, "हे फोटोवाल्याचं काम." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले. यजमानांनी चित्र उलटं धरून विचारलं, "हे कुठल्या बाजूने बघायचं?"

परवा गंगापूर धरणावर गेले होते. पाणी कुठे संपतंय आणि ढग कुठे सुरू होतोय ते कळत नव्हतं. मधे फक्त एक गडद पट्टा, तोही एका बाजूने विरघळत चाललेला. वाटलं, सरांना हेच हवं असणार. घरी येऊन काढायला बसले, तर तीन डोंगर, दोन झाडं आणि एक होडी झाली. होडी तिथे नव्हतीच.

सांगा, हे अमूर्त वगैरे खरोखर काही असतं, की आम्ही चौदाजण एकमेकांना फसवतोय? क्लास सोडू का?

– एक भूगोलवाली, नाशिक

*

बाई, नमस्कार. (बाईच म्हणते, ३१ वर्षं तेच ऐकलं असेल तुम्ही.)

आधी स्पंजाचं बोलू. पत्रात तुम्ही तो मधल्या एका ओळीत उरकून टाकलाय, पण सगळं पत्र त्याच्याभोवतीच फिरतंय. विद्यार्थ्याच्या चित्रावर मास्तरांनी हात फिरवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मीही त्यातून गेलेय. कधी कधी दोन फटकाऱ्यांत मास्तर असं काही दाखवून जातात, की तासभर बोलून कळलं नसतं. पण हात फिरवणं वेगळं आणि चौदा जणांदेखत पुसून टाकणं वेगळं. तुम्ही पाठवलेल्या फोटोंतला पिंपळ पुसायच्या आधीचा फोटो मी मोठा करून पाहिला. पिंपळ चांगला होता. पाराखालची सावली तर फारच चांगली. आणि तरीही तो त्या चित्रात उपरा होता. कागदभर ओला करडा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, पसरलाय आणि खालच्या कोपऱ्यात पान न् पान मोजून काढलेला पिंपळ, म्हणजे ख्याल रंगात आलेला असताना कुणीतरी मधेच बातम्या वाचायला बसावं तसं. सरांची नजर बरोबर होती. हात चुकला.

तेव्हा येत्या रविवारी दहा मिनिटं आधी जा आणि सर एकटे असताना सांगा, "सर, माझ्या कागदाला हात लावायच्या आधी मला विचारत जा. दाखवायचं असेल तर शेजारी वेगळा तुकडा ठेवलाय, त्यावर दाखवा." बास. फोटोवाल्याचा विषय काढू नका, रडल्याचंही सांगू नका. आणि तो वेगळा तुकडा खरोखरच ठेवा. बहुतेक शिक्षकांना यात अपमान वाटत नाही, उलट सोय वाटते. कुणाला वाटलाच, तर क्लास सोडायचा की नाही या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल, मला विचारावं लागणार नाही.

आता फसवणुकीचं. थोडी असते, बाई. खोटं कशाला बोलू? जलरंग हे माध्यम नवख्यांवर फार मेहेरबान आहे. ओल्या कागदावर निळा सोडला, त्यात तपकिरी सोडला, की पाणी स्वतःच चित्र काढतं आणि आपण सही करतो. माझं सांगते. आमच्या क्लासात मला एका पावसाळ्यात मिठाचा शोध लागला. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले की प्रत्येक खडा आजूबाजूचं रंगाचं पाणी ओढून घेतो आणि तिथे चांदणी उमटते. झालं! महिनाभर माझ्या प्रत्येक चित्रात आकाशगंगा. सगळे म्हणाले, वा. मग एक दिवस मी खडे नीट न झटकता ते कागद फाइलमध्ये घातले. जुलैची हवा, मीठ हवेतलं पाणी पीत बसलं, आणि पंधरा दिवसांनी फाइल उघडली तर सगळी आकाशगंगा एकमेकींना चिकटलेली. त्या दिवसापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे पुन्हा काढता येईल का? अगदी तसंच नव्हे. पण जे साधलं ते कशामुळे साधलं, हे ठाऊक असेल आणि पुन्हा त्या वाटेने जाता येत असेल, तर चित्र माझं. नाहीतर ते नळाचं.

शेजारच्या मुलीलाही हा प्रश्न कधीतरी पडेल. आज तिच्या कागदावर पाणी काम करतंय, तिचा निर्णय अजून यायचाय. तुमचं उलट झालंय, निर्णय इतके आहेत की पाण्याला शिरायला जागा नाही. दोघी शेजारी बसता हे मला तर बरंच वाटलं. तिला विचारा, बोर्ड किती तिरका करतेस आणि कधी थांबतेस. तीही तुम्हाला काहीतरी विचारेलच.

पण प्रकार मुळातच खोटा असं मात्र म्हणता येणार नाही, आणि तो काही कालचाही नाही. १७८५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कोझेन्स नावाच्या चित्रकला-मास्तरने निसर्गचित्र रचण्याची नवी पद्धत म्हणून एक पुस्तक काढलं. पद्धत काय, तर ब्रशने कागदावर झरझर काळे डाग पाडायचे आणि मग त्या डागांतून डोंगर, झाडी, पाणी शोधायचं. शिकणारे हौशी लोकच, तुमच्या रविवारच्या मंडळींसारखे. त्याची भरपूर टिंगल झाली. पण टिंगल करणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली: डाग पाडण्याआधी मनात विषय पक्का धरा, हे तो बजावून सांगायचा. दरी डोळ्यांपुढे आणायची आणि मग डाग पाडायचे. हात मोकळा, मन मोकळं नाही.

इंग्लंडच्या टर्नर या निसर्गचित्रकाराचंही बघा. १७९७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो ट्वीड नदीकाठच्या नॉरहमच्या पडक्या किल्ल्यापाशी पहिल्यांदा गेला. मग जन्मभर तो किल्ला पुन्हा पुन्हा काढत राहिला. त्या किल्ल्याचं १८४५ च्या सुमाराचं शेवटचं तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात किल्ल्याचा उरलाय फक्त एक निळा विरळ आकार, मागे पिवळा उजेड, खाली पाण्यात त्याचीच सावली. काठाशी एक गाय आहे, तीही तपकिरी डागच. अठ्ठेचाळीस वर्षं लागली त्या किल्ल्याला विरघळायला. आणि हे चित्र त्याने हयातीत कधी प्रदर्शनात मांडलं नाही. तुमच्या सरांनी जून ते दिवाळी एवढी मुदत दिलीय, हे आपलं सहज सांगितलं. आपल्याकडचे चित्रकार एस. एच. रझा घ्या. चाळीसच्या दशकात ते मुंबईचे रस्ते जलरंगात काढत होते. तिथून त्यांच्या प्रसिद्ध बिंदूपाशी, म्हणजे एका मोठ्या काळ्या गोलाभोवती रचलेल्या चित्रांपाशी, पोचायला त्यांना तीस-पस्तीस वर्षं लागली.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा, म्हणजे यजमानांशी वाद घालताना उपयोगी पडेल. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांना अमूर्त हा शब्दच मान्य नव्हता. आपली चित्रं कुठल्याही वस्तूवरून निघालेली नाहीत असं त्यांचं म्हणणं असे. तुमच्या क्लासात जे चाललंय ते निराळं. तिथे सुरुवात एखाद्या जागेपासून होते आणि जागा अर्धीमुर्धी उरते. निसर्गचित्र हा शब्द सरांनी ठेवलाय तो त्यासाठीच. म्हणजे डोंगर दिसला तर गुन्हा नाही. तो डोंगर कशाला आलाय, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आणि होडी कशाला आली, हे आता मी सांगते.

होडी पहिली-दुसरीतून आली. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, नदीत होडी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराने हे चित्र काढलंय. जन्मात समुद्र न पाहिलेल्या घाटावरच्या पोरांच्या चित्रातही तो नारळ असतोच. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी ही सवय आणखी घट्ट केली. स्मरणचित्राचा पेपर आठवतोय? नाव स्मरणचित्र, पण आठवून काढायचं कुणी सांगितलंच नव्हतं, तीन माणसं, एक झाड आणि मागे घर असं पाठ करून काढायचं. कागद रिकामा दिसला की हात आपोआप पाठांतर म्हणायला लागतो. धरणावर तुम्ही जे पाहिलंत ते डोळ्यांनी पाहिलंत. घरी जे काढलंत ते इयत्ता दुसरी, तुकडी ब.

पण तुमच्या हाताला दुसरंही एक पाठांतर आहे आणि ते तुम्ही साफ विसरलात. ३१ वर्षं तुम्ही वर्गात सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलनिर्देशक नकाशा फळ्यावर टांगलात. पांढऱ्या कागदावर तपकिरी समोच्च रेषा, कुठे एकमेकींना चिकटलेल्या, कुठे लांब लांब पांगलेल्या. तुम्ही पट्टी टेकवून म्हणालात, "हा कडा. आणि हे वर, जिथे रेषा नाहीत, ते पठार." कुणा पोराने विचारलं का, की बाई, या रेषा डोंगरासारख्या दिसत का नाहीत? एक ते पन्नास हजारच्या नकाशात दर २० मीटर उंचीला एक रेष. त्या तपकिरी शाईने डोंगराचं काय ठेवलं, तर फक्त उंची. दगड, गवत, ऊन, वाट, देवीचं देऊळ, सगळ्याला रामराम. समभार रेषांचा नकाशा तर त्याच्याही पुढचा. तिथे डोंगरही गेला, हवेचा दाब तेवढा उरला, आणि तरी तुम्ही त्यावर बोट ठेवून पोरांना सांगायचात की इथे पाऊस येणार.

हे अमूर्त निसर्गचित्र नाही तर काय आहे? तुम्ही ते जन्मभर वाचलंय, शिकवलंय, आणि पोरांनी ओळखलं नाही म्हणून त्यांचे मार्क कापलेत.

म्हणून पुसून टाकणं, वितळवणं, फटकारे मारणं हे सगळं नंतर. आधी एवढंच ठरवायचं, की यातलं काय ठेवू? धरणावर तुम्ही ठेवलं होतंत. पत्रातच लिहिलंय: वरचं-खालचं एक झालेलं, मधे पट्टा, तो एका बाजूने विरघळणारा. तीन गोष्टी. त्यातही मी एकच घेतली असती, ती विरघळणारी बाजू. पट्ट्याच्या एका टोकाला कडक कड आणि दुसऱ्या टोकाला कडच नाही. चित्र तेवढंच. कागदाचा बाकीचा भाग त्या कडेची वाट मोकळी ठेवायला.

आता करायचं काय ते सांगते. तुम्हाला क्षेत्रभेटीचा अहवाल ठाऊक आहे. पुढच्या खेपेला धरणावर, नाहीतर अंजनेरीच्या पायथ्याला, मोबाईल गाडीत ठेवून जा. स्केचबुकही नको. अर्धा तास बसा, शेंगा खा. घरी आल्यावर लगेच रंगवायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीन ओळींचा अहवाल लिहा, आणि त्यात एकही नाम वापरू नका. डोंगर, झाड, पाणी, ढग, सगळं बंद. विशेषणं आणि क्रियापदं चालतील. "गार. वरून खाली उतरत येणारं. डावीकडे घट्ट, उजवीकडे सैल." पहिल्यांदा हे लिहायला मला पाऊण तास लागला होता, कारण पेन दर दोन शब्दांनी डोंगराकडेच धावायचं. पण नामं बंद केली की होडीला यायला जागाच उरत नाही. होडी हे नाम आहे.

मग ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) एक मोठा जाड कागद घ्या, २२ बाय ३० इंचांचा. त्याचे १६ तुकडे करा, म्हणजे साडेपाच बाय साडेसात इंचांचे होतील. एवढ्याशा तुकड्याला कुणी घाबरत नाही, आणि महागाचा कागद फुकट गेला असंही वाटत नाही. एका तुकड्यावर एकच ओळ रंगवायची. "गार" एवढंच. सोळापैकी तेरा वाईट होतील. होऊ देत.

चिखलाचं दुखणं मात्र अमूर्ताचं नाही, घड्याळाचं आहे. तुमच्या फोटोंत मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे पॅलेटवर अठरा-वीस रंग आहेत आणि एकेका वॉशमध्ये त्यातले चार-पाच शिरलेत. तीनावर या. निळा अल्ट्रामरीन, तपकिरी बर्न्ट सिएना आणि एखादा उबदार पिवळा, गॅम्बोज चालेल. पहिले दोन एकमेकांत मिसळले की निळ्या बाजूला पावसाळी ढग मिळतो आणि तपकिरी बाजूला ओला काळवत्री दगड. मधे इतके करडे आहेत की पावसाळ्यातली अख्खी सह्याद्री त्यात बसते. शिवाय अल्ट्रामरीन खडबडीत कागदाच्या खळग्यांत दाणेदार बसतो, तो दाणा धुक्यासाठी आयता मिळतो. त्याला पुन्हा ब्रश लावून घोटू नका.

दुसरी गोष्ट, तुम्ही चुकीच्या मिनिटाला हात लावता. ओल्या कागदावर वॉश टाकला की नाक कागदाच्या पातळीला आणा आणि खिडकीच्या उजेडात तिरकं बघा. आधी पाण्याचं तळं दिसेल, आरशासारखं. त्यात रंग सोडला तर तो कुठेही पळेल. मग तळं मुरतं आणि कागदावर रेशमासारखी चकाकी उरते. तुमचा पट्टा सोडायचा तो इथे. ब्रशमध्ये रंग दाट, पाणी कमी. कड मऊ पडेल पण जागेवर राहील. त्यानंतर चकाकी जाते, कागद वाळल्यासारखा दिसतो, पण तळहाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. हा सगळ्यात फसवा काळ. इथे पाण्याने भरलेला ब्रश टेकला की ते पाणी अर्धवट सुकलेला रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखा झालरदार डाग पडतो. मग आपण तो डाग झाकायला आणखी एक हात मारतो, आणखी एक फुलकोबी, आणखी एक हात. चिखल तयार! तुमच्या चारही फोटोंत उजवीकडे खाली ही कोबी लागलीय. कागद गार लागतोय तोवर ब्रश ठेवून चहा प्यायला जायचं. हे शिकवणीचं वाक्य समजू नका, खरोखर उठून जायचं, कारण समोर बसलं की हात जातोच. नाशकात जुलैमध्ये या थांबण्याला वीस-पंचवीस मिनिटंही लागतील, मार्च-एप्रिलमध्ये पंख्याखाली पाच पुरतील. पावसाळ्यात मार्चच्या अंदाजाने काम केलं की कोबीचं पीक जोरात येतं.

एका बाजूने कडक आणि दुसऱ्या बाजूने विरघळणारा पट्टा हवा असेल तर कागद अर्धाच ओला करायचा. ओला आणि कोरडा भाग मिळतो त्या रेषेवरून ब्रश एका दमात ओढायचा. कोरड्यावर कड धारदार येईल, ओल्यात गेल्यावर तोच फटकारा पसरेल. एकदाच. परत फिरायचं नाही.

आता तुमच्या चौदा जणांबद्दल थोडं. ग्रुपमध्ये शिकायचे फायदे खूप, पण अमूर्तात एक तोटा असतो. गोदाघाट काढताना शेजारणीचा कागद पाहिला तर आपली पायरी सुधारते. अमूर्त काढताना पाहिला, तर आपलं ठरलेलं सुटतं आणि तिचं अर्धं येतं. म्हणून पहिला तासभर भिंतीकडच्या बाकावर बसा. पाठ फिरवून बसलात म्हणून कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तर चहाच्या वेळी भजी खिलवा. क्लासच्या शेवटी चित्रं भिंतीला लावून सर बोलत असतील, तर एक सुचवून बघा: सरांनी तोंड उघडायच्या आधी ज्याचं त्याने एका वाक्यात सांगायचं, की मी यात काय ठेवलं. "मन:स्थिती", "प्रवास", "तरंग" असलं काही चालणार नाही. "मी दुपारची झळ ठेवली" चालेल. या एका वाक्याने निम्म्या आकाशगंगा गळून पडतात, आणि ज्याच्या चित्राकडे कुणी पाहत नव्हतं त्याच्याकडे लोक वळून बघतात. सर तयार झाले नाहीत, तर तुमच्या चित्रामागे पेन्सिलने तुम्ही लिहून ठेवा.

आणि रविवारी दुपारी चित्राचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायची घाई नको. मोबाईलचा कॅमेरा आपल्या अकलेने उजेड-अंधार वाढवतो. भडक चित्रं त्यात उठून दिसतात, आणि तुमच्या करड्यांतले बारीक फरक सपाट होतात. अंगठे मग भडकालाच मिळतात.

यजमानांचं म्हणाल, तर त्यांनी योग्य तेच केलं. चित्र उलटं धरून पाहणं ही चित्रकारांची नेहमीची तपासणी आहे. उलटं धरल्यावरही तोल टिकला तर रचना धड आहे. फक्त त्यांना प्रश्न बदलून द्या. "हे काय आहे ओळखा" असं विचारलं की कुणीही माणूस कोडं सोडवायला बसतो आणि चिडतो. त्यांना विचारा, "यात गार वाटतंय की उकडतंय?" पहिल्या दिवशी म्हणतील, काहीच वाटत नाही. सोळा तुकडे टेबलावर मांडून विचारा. एखाद्यापाशी थांबतील. तो बाजूला काढून ठेवा आणि का थांबलात हे मात्र विचारू नका, नवरे त्यावर भाषण देतात.

प्रदर्शनात मोठं चित्र लावायचा हट्ट सरांनी धरला तरी त्या छोट्या तुकड्यांतले तीन एका पांढऱ्या माऊंटवर ओळीने लावा. शीर्षक जागेचं आणि वेळेचं द्या, "गंगापूर, सकाळी सात" असं. भूगोलाच्या बाईला ते शोभतं आणि बघणाऱ्यालाही पाय टेकायला जागा मिळते.

क्लास तूर्त सोडू नका, माझं मत विचारलंत म्हणून सांगते. दिवाळीपर्यंत तरी राहा. रविवारी चौदा माणसं एका खोलीत गप्प बसून रंग वाळायची वाट बघतायत, हे घरी एकटीने जमत नाही, मी करून पाहिलंय. घरी दाराची बेल वाजते, कुकरची शिट्टी होते आणि चकाकी निघून जाते. अमूर्तात तुम्हाला शेवटपर्यंत रस वाटला नाही, तर नोव्हेंबरमध्ये सरळ सांगा आणि पुन्हा घाटावर जाऊन बसा. वास्तववादी दृश्य काढणं म्हणजे खालच्या इयत्तेत जाणं नव्हे. कुणी तसं सुचवलं तर दुर्लक्ष करा, सरांनी सुचवलं तरी.

जाता जाता एक. तो पिंपळाचा कागद फाडला नसेल अशी आशा आहे. पुसल्यानंतरच्या फोटोत स्पंजने घासलेल्या जागी कागदाची लव निघालेली दिसतेय, त्या बाजूला आता नीट वॉश बसणार नाही. पण फोटोत कडेचा पोत पाहिला, कागद सुती वाटतोय. सुती कागद मागच्या बाजूनेही रंगवता येतो, पोत थोडा निराळा असतो इतकंच. रविवारी तोच घेऊन जा, उलटा करून बोर्डाला लावा, आणि पट्टा डावीकडून ओढा.